ताक सोडा, कोम्बुचा प्या? विदर्भाच्या उन्हात हा सल्ला टिकत नाही

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं सार असं: ताकात एकच जिवाणू असतो आणि कोम्बुचात शेकडो, म्हणून ताक सोडा, कोम्बुचा घरीच करा. उन्हाळ्यात तो लवकर होतो. जितका आंबट तितका गुणकारी, आणि तांब्याच्या भांड्यात ठेवला तर दुप्पट. साखर जिवाणूच खाऊन टाकतात, तेव्हा शुगरवाल्यांसकट सगळ्यांनी रोज लिटरभर प्यावा. ज्यांना हे नको त्यांनी गरम आंबील प्यावी, तिच्यातही कोट्यवधी जिवाणू जिवंत असतात. शेवटी जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’. पाठवणाऱ्यांत शिकलेली माणसं आहेत, म्हणून उत्तर देणं आलं.

कोम्बुचा म्हणजे साखर घातलेल्या कोऱ्या चहात यीस्ट आणि जिवाणूंचा जाडसर पापुद्रा सोडून आठ-पंधरा दिवस आंबवलेलं पेय. जमलं तर आंबटगोड, फसफसतं, चवीला छान. माझं भांडण त्याच्याशी नाही, मेसेजशी आहे.

‘ताकात एकच जिवाणू.’ सपशेल चूक. घरच्या विरजणात लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस अशा जिवाणूंची सरमिसळ असते आणि ती घरागणिक वेगळी असते. शेजारणीकडचं विरजण लावलं की दह्याची चव बदलते, ती त्यामुळेही. कोम्बुचात भरणा असतो तो यीस्टचा आणि व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंचा. पोटासाठी ज्यांचा जास्त अभ्यास झाला आहे ते लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात कधी असतात, कधी नसतात. शिवाय नुसती मोजदाद करून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत: सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांचा शरीराला फायदा व्हायला हवा. या मोजपट्टीवर घरचा कोम्बुचा उतरत नाही, आणि खरं सांगायचं तर घरचं ताकही उतरत नाही, कारण दोन्ही कोणी मोजलेलीच नसतात.

म्हणून आंबवलेलं खाणं फुकट जातं असं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ निरोगी प्रौढ होते. त्यांच्यातल्या निम्म्यांनी दहा आठवडे दही, केफिर (दह्यासारखं आंबवलेलं पातळ दूध), किमची (कोरियातली आंबवलेली कोबी), कोम्बुचा असे पदार्थ भरपूर खाल्ले-प्यायले. त्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाची लक्षणं कमी झाली. आहार मिश्र होता. एकाला गादीवर बसवून दुसऱ्याला हाकलण्याजोगं त्यात काही नाही.

‘उन्हाळ्यात लवकर होतो, म्हणून उन्हाळाच उत्तम.’ हा मेसेज कुठल्या तरी थंड गावात लिहिला असावा. कोम्बुचाला साधारण २४ ते २९ अंश मानवतात. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या घरात असतो आणि टिनाच्या छताखाली रात्रीही घर निवत नाही. अशा उकाड्यात यीस्ट सुसाट सुटतं, पेय दोन दिवसांत घशाला लागेल इतकं आंबट होतं, आणि पापुद्रा अशक्त झाला की बुरशीला वाट मिळते. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत वायू कोंडून काच फुटते ती वेगळीच. केफिरचंही तसंच. दुधात वाढणारे त्याचे दाणे विकत किंवा मागून आणावे लागतात आणि त्यांना २० ते २५ अंश हवे असतात. आपल्या उन्हाळ्यात दिवसभराचं काम काही तासांत उरकून दूध फाटतं, निवळ वर येते. फ्रिजमध्ये ठेवू म्हणाल, तर लाइन कधी जाईल ते कोण सांगणार? एवढा कुटाणा काहून करावा, बाप्पा?

दह्यातल्या काही जिवाणूंना मात्र ४० ते ४५ अंशांतच रंगात यायला होतं. म्हणून उन्हाळ्यात दही तीन-चार तासांत लागतं, आणि तसंच ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आंबून जातं. त्यावर आपल्या बायांकडे उपाय आहेतच: विरजण नखभर घ्यायचं, रात्री उशिरा लावायचं, गंज माठाखालच्या ओल्या वाळूत टेकवून ठेवायचा, पहाटे घुसळून दुपारच्या आत संपवायचं. वावरातून आल्यावर पाणी, मीठ आणि थोडं अन्न असं तिन्ही एकदम देणारं पेय या दिवसांत दुसरं नाही.

नवं करून पाहायची हौस असेल तर दिवाळी ते होळी हा काळ घ्या. कोम्बुचा करा, केफिर करा. मी आधी उत्तरेकडची कांजी करीन. तिकडे ती काळ्या गाजराची करतात. आपल्याकडे लाल गाजर आणि बिटाचा तुकडा चालतो. कुटलेली मोहरी, मीठ, उकळून गार केलेलं पाणी, आणि काचेच्या बरणीत तीन ते पाच दिवस ऊन. पापुद्रा नको, दाणे नकोत, साखर नको. लागणारे जिवाणू भाजीवरच असतात. केसाळ बुरशी आली, बुळबुळीत झालं किंवा घाण वास आला, तर वरचं काढून खालचं पिण्याची काटकसर करू नका. सगळं उकिरड्यावर.

‘जितका आंबट तितका गुणकारी.’ उलट. आम्ल एका मर्यादेपुढे गेलं की ते तयार करणारे जिवाणूच मरू लागतात.

‘तांब्याच्या भांड्यात दुप्पट फायदा.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. तांब्यातलं साधं पाणी वेगळं आणि आंबट पेय वेगळं. आम्लात तांबं विरघळतं. मग मळमळ, उलट्या, पोटात कळा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. कोम्बुचा तर ताकापेक्षाही जास्त आम्लधर्मी असतो. काच किंवा चांगलं स्टील, बस.

‘साखर जिवाणूच खाऊन टाकतात.’ काही खातात, सगळी नाही. लिटरभर कोम्बुचाला साधारण ७० ते १०० ग्रॅम साखर पडते. निम्मी उरली असं धरलं तरी सात ते दहा चहाचे चमचे झाले. या दाव्याला आधार म्हणून एक अभ्यास पुढे केला जातो. २०२३ साली छापून आलेल्या त्या अमेरिकन प्रयोगात मधुमेह असलेल्यांनी चार आठवडे रोज सुमारे २४० मिली कोम्बुचा घेतला आणि त्यांची उपाशीपोटीची साखर उतरली. खरं आहे. पण माणसं होती फक्त १२, पेय होतं विकतचं, आणि पुढे मोठा अभ्यास करावा की नाही एवढं तपासण्यापुरता तो प्रयोग होता. त्यावरून गोळ्या बंद करणं हा वेडेपणा आहे.

‘सगळ्यांनी रोज लिटरभर.’ १९९५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात रोज कोम्बुचा पिणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या, एक दगावली. कारण कोम्बुचाच होता हे सिद्ध झालं नाही, पण तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने निरोगी माणसासाठी जे प्रमाण निर्धोक असावं असं म्हटलं, ते दिवसाला सुमारे १२० मिली होतं. लिटर नव्हे. त्यात घरच्या कोम्बुचात थोडं मद्य तयार होतंच आणि उकाड्यात, बंद बाटलीत ते वाढतं. दारूबंदीच्या वर्धा-गडचिरोलीत हा मेसेज कोणी कोणी पुढे ढकलला, ते पाहायला मजा येईल. गरोदर बाई, लहान मूल, कॅन्सरचे उपचार चालू असलेला माणूस यांनी या वाटेला जाऊच नये. हगवण लागली असेल तर आधी ओआरएस.

‘गरम आंबिलीत जिवंत जिवाणू.’ आंबील आपली, म्हणून तिला सूट नाही. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात भिजवून सकाळी शिजवलं की जिवाणू मरतात. कढीतही तेच होतं. आंबवल्याने धान्यातलं लोह शरीराला मिळणं सोपं होतं, पचायला हलकं जातं, तो फायदा शिजवल्यावरही राहतो. जिवाणू हवेत तर आंबील गार झाल्यावर वरून ताजं ताक घाला. कण्यांवर ताक घेतोच की आपण.

ताकाला खरोखर ज्याची भीती आहे, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही: पाणी. दूध उकळलेलं असतं, दही आंबट असतं, पण घुसळताना त्यात दुप्पट-तिप्पट पाणी पडतं आणि आंबटपणा पातळ होतो. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या आणि टँकरचं पाणी टाकीत साठवलेलं असताना ताकाचं पाणी तेवढं उकळून गार केलेलं वापरा. बीपी असेल तर मीठ चिमूटभरच. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात बर्फाची लादी फोडून टाकतात. ती कुठल्या पाण्याची हे आचाऱ्यालाही माहीत नसतं. तिथे मी द्रोण पुढे करत नाही.