‘टीएसएच नॉर्मल आला, आता गोळी सोडा’

सध्या फिरत असलेल्या एका मेसेजचा मथितार्थ असा: थायरॉइडच्या गोळीने ग्रंथी आळशी होते, म्हणून टीएसएचचा (थायरॉइडचं काम तपासणारी रक्तचाचणी) रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी सोडा आणि आयोडीनचे थेंब घ्या. जन्मभराची गोळी हा कंपन्यांचा डाव आहे, आणि वजन वाढण्यापलीकडे या आजारात काही होत नाही.

रिपोर्ट नॉर्मल येतो तो बहुधा गोळीमुळेच. हाशिमोटो या थायरॉइडच्या आजारात स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथी पोखरते. तिला जेवढं थायरॉक्सिन (थायरॉइडचं संप्रेरक) बनवता येत नाही, तेवढं गोळीने भरून निघतं. तरीही ‘मी सोडली, काही झालं नाही’ असं लोक छातीठोक सांगतात. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच साधारण ७ दिवस लागतात, मग पहिल्या आठवड्यात काय जाणवणार? डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी करतात तो यासाठीच.

ग्रंथी आळशी होते म्हणावं, तर निरोगी ग्रंथी गोळी थांबल्यावर काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागते. एक मान्य: बाळंतपणानंतरचा थायरॉइड काहींचा आपोआप ओसरतो, त्यांची गोळी सुटते. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पुन्हा तपासून.

कंपन्यांचा डाव? १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरने थायरॉइड मंदावलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. उपचार चालू ठेवून त्या पुढे २८ वर्षं जगल्या. थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं झालं ते १९१४ साली, म्हणजे जन्मभराचा उपचार त्याच्याही आधीचा.

आयोडीनची प्रौढांची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. कमतरता नसताना वरून थेंब घेतले तर ग्रंथी मंदावू शकते किंवा उलट बेफाम सुटू शकते.

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य शेवटचं, ‘वजन वाढण्यापलीकडे काही होत नाही’ हे. हायपोथायरॉइडच्या (ग्रंथी मंदावलेल्या) पेशंटने गोळ्या सोडलेल्या असताना संसर्ग झाला किंवा झोपेचं औषध पोटात गेलं, तर अंग गार पडणं, नाडी आणि श्वास मंदावणं, गुंगी, असं होत तो कोमात जाऊ शकतो. याला मिक्सिडीमा कोमा म्हणतात. वृद्धांमध्ये ‘वयामुळे झोपाळले असतील’ म्हणून हे हमखास नजरेआड होतं. दुसरं टोक थायरॉइड स्टॉर्म: हायपरथायरॉइडच्या (ग्रंथी अति काम करते त्या आजाराच्या) गोळ्या अचानक सोडल्यावर किंवा संसर्ग, शस्त्रक्रिया, बाळंतपण यांच्या निमित्ताने सणसणीत ताप, नाडी १४० च्या वर, उलट्या-जुलाब, बरळणं. दोन्हींत माणूस दगावू शकतो. घरी राहिलेल्या गोळ्या एकदम देऊन हे आवरत नाही. तडक रुग्णालय गाठायचं आणि कोणत्या गोळ्या कधी सोडल्या ते पहिल्याच वाक्यात सांगायचं. स्टॉर्मच्या तापावर ॲस्पिरिन तर नकोच, त्याने रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन वाढतं.

गोळी तातडीने थांबवावी असा एक प्रसंग मात्र आहे, तो त्या मेसेजमध्ये नाही. कार्बिमाझोल ही हायपरथायरॉइडची गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्या लागतात.