आजोबांचा कागद कोणी शोधायचा?

सॅम किंग २०१६ च्या जूनमध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. जमैकातल्या पोर्टलँड परगण्यातलं शेतकरी घर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात भरती झाले, युद्ध संपल्यावर गावी परतले, पण तिथे जीव रमेना. १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' जहाजाचं तिकीट होतं २८ पौंड १० शिलिंग. त्यासाठी घरच्यांनी तीन गाई विकल्या. २२ जूनला ते इंग्लंडच्या टिलबरी बंदरात उतरले. पुढे पुन्हा हवाई दल, मग पोस्टात ३४ वर्षं नोकरी आणि १९८३ मध्ये लंडनमधल्या सदर्कचं महापौरपद. घरासाठी कर्ज मागितलं तर 'जमैकाला परत जा' असा सल्ला पत्रातून आला. ते पत्र त्यांनी घर विकणाऱ्यालाच दाखवलं आणि त्यानेच कर्जाची सोय करून दिली.

किंग यांच्या आयुष्याचा माग काढणं सोपं आहे. जहाजाची प्रवासी यादी, लष्करी सेवापुस्तक, पोस्टाचं पेन्शन, नगरपालिकेची दप्तरं, सगळीकडे नाव सापडतं. अडचण झाली ती त्यांच्या मागून आलेल्यांच्या मुलांची. १९६५ साली पाच वर्षांचं पोर आईच्या पासपोर्टवर आलं, तर त्याच्या नावाचा स्वतंत्र कागदच नव्हता. १ जानेवारी १९७३ पूर्वी ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क कायद्याने शाबूत ठेवला, पण त्याचा दाखला कोणाला दिला नाही. मागायची गरजही कोणाला वाटली नाही. २०१२ नंतर ब्रिटिश सरकारने घरमालक, दवाखाने, बँका आणि नोकरी देणारे यांनाच कागद तपासायला लावले, तेव्हा चाळीस-पन्नास वर्षं कर भरलेली माणसं एका सकाळी 'बेकायदा' ठरली. वर्षागणिक पुरावा मागितला जाऊ लागला. होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या, ताब्यातली जुनी आगमनपत्रं मात्र २०१० मध्ये नष्ट केली गेली होती.

आता घरचा वाद. महाराष्ट्रात गेली दोन-तीन वर्षं पणजोबांच्या कागदावर रान पेटलं आहे. ओबीसी जात पडताळणीला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यासाठी शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, कोतवाल बुक, जुने खरेदीखत आणि वंशावळीचं शपथपत्र जमवावं लागतं. मराठ्यांना कुणबी दाखले द्यावेत की नाही, यावर माझं मत इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाची आहे ती पद्धत. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीने मोडी वाचणारे बसवले, तहसिलांचे आणि शाळांचे बासनात बांधलेले गठ्ठे सोडले आणि ५० लाखांहून जास्त कुणबी नोंदी काढल्या. नोंद सापडली म्हणजे दाखला मिळाला असं नव्हे. त्या नोंदीतला माणूस आपलाच पूर्वज हे अर्जदाराला सिद्ध करावंच लागतं. पण सरकारी दप्तरात काय आहे हे सरकारने शोधायचं, एवढं तरी तिथे मान्य झालं. ते मान्य झालं ते रस्त्यावरच्या दबावामुळे, हेही खरं.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच राहिलं. नॅशनल इन्शुरन्स म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याच्या वर्गणीची नोंद करखात्याकडे वर्षवार पडून होती. होम ऑफिसने २०१८ मध्ये, गाजावाजा झाल्यावर, ती स्वतः मागवायला सुरुवात केली. आधी मागवली असती तर पुष्कळांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या. म्हणूनच 'कागद जपले नाहीत, दोष तुमचाच' हा आपल्याकडचा ठेवणीतला शेरा मला पटत नाही. आसाममध्ये नागरिक नोंदणीच्या वेळी तो ऐकला, मतदार याद्यांच्या फेरतपासणीत पुन्हा ऐकतो आहे.

तरीही घरच्यांनी काय करावं, हे सांगायलाच हवं. कॅरिबियन घरात कर्ता माणूस गेला की नऊ रात्रींचं जागरण असतं. भजनं, डॉमिनो, रम, तळलेले मासे. न्यूयॉर्क-टोरंटोहून नातलग येईपर्यंत दफन तीन-चार आठवडे लांबतं आणि खड्डा घरचे लोक स्वतः फावड्याने बुजवतात. त्या वेळी छापली जाणारी पुस्तिका बहुतेकदा त्या घराचा एकमेव लिखित इतिहास असते. त्यात जन्माचा परगणा, यायचं साल, पहिला पत्ता आणि पहिली नोकरी असते. ती तोंडी ऐकीव माहितीवर लिहू नये. समुद्रमार्गे आलेल्यांच्या प्रवासी याद्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९६० पर्यंतच मिळतात. विमानाने आलेले त्यांत नाहीत. घरातलं लाडाचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असतं, सावत्र भावंडांची आडनावं वेगळी असतात. त्यामुळे शोध कागदावरच्या नावाने करावा आणि जन्मसाल एक-दोन वर्षं मागेपुढे धरावं. शाळकरी वयाच्या मुलांची विमा नोंद नसते. ती पोकळी शाळेच्या प्रवेश नोंदवहीने आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीने भरावी लागते.

ब्रिटनमध्ये सरकारी खात्याकडे स्वतःची माहिती मागायला पैसे लागत नाहीत आणि साधारण महिन्याभरात उत्तर यावं लागतं. हा हक्क जिवंत माणसाचाच आहे. त्यामुळे आजोबा धडधाकट आहेत तोवर त्यांच्या सहीने अर्ज टाकावा.

अशा 'बेकायदा' ठरवलेल्यांसाठी ब्रिटिश सरकारची भरपाई योजना एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली. मनस्तापाची किमान रक्कम आधी २५० पौंड होती, डिसेंबर २०२० मध्ये ती १०,००० केली. पण निकालाची वाट पाहतच कित्येक जण गेले. त्यांच्या वारसांना पैसे हवेत तर मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे न्यायालयाची मान्यता, किंवा, मृत्युपत्र नसेल तर, न्यायालयाकडून वारसा-कारभाराचा अधिकार आणावा लागतो. मृत्युपत्र न करण्याची सवय त्या घरांत आपल्या घरांइतकीच आहे. चार भावंडं तीन देशांत आणि कोणाच्याच हातात अधिकारपत्र नाही, अशा स्थितीत दावा खरा असूनही पडून राहतो.