चिपळूणच्या गॅरेजवाल्या दादांना : पंख्याचा आवाज, मोटरीतलं तेल आणि लेखात राहिलेली चूक

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री आली आणि मी ती तीनदा वाचली. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, ‘चिपळूणला गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय’ एवढंच लिहिलंय, म्हणून दादाच म्हणतो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गाडीच्या रेडिएटरचा पंखा आवाज करायला लागला तर गॅरेजला जाण्याआधी घरी काय काय बघावं, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. ते वाचून दादांच्या एका गिऱ्हाइकानं मोटरच उघडली, आत तेल ओतलं, परत बसवताना ब्रश (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) मोडले आणि सगळा ऐवज पिशवीत घालून त्यांच्याकडे नेला. दादांचं म्हणणं असं : असल्या लेखांनी लोकांची इंजिनं जातील. पंखा वाजायला लागला म्हणजे मोटर संपली, सरळ असेंब्ली, म्हणजे मोटर आणि पात्यांचा सगळा संच, बदलायची. तेल घालून दडपलेला आवाज कुंभार्ली घाटात दगा देईल, तेव्हा लेख लिहिणारा धावून येणार आहे का?

तेलाचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘दांड्याला दोन-चार थेंब तेल सोडा’ असं मी लिहिलं, पण कुठे सोडायचं आणि कुठे नाही ते लिहिलं नाही. लहान गाड्यांच्या बऱ्याच पंख्यांच्या मोटरीत दांडा पितळेसारख्या दिसणाऱ्या बुशात फिरतो. हे बुश ब्राँझची भुकटी दाबून, भाजून केलेलं असतं. त्याला बारीक छिद्रं असतात आणि त्यात कारखान्यातच तेल मुरवलेलं असतं. पात्यांच्या बाजूचं बुश कोरडं पडलं तर दांड्याच्या कडेला हलक्या मशीन ऑइलचे दोन थेंब लावून पाती हातानं फिरवली की ते तेल शोषून घेतं. मागचं बुश मात्र बंद टोपीत असतं, तिथे बाहेरून तेल पोचतच नाही. आणि आत जास्त ओतलं तर ते जातं कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्याच्यावर घासतात त्या तांब्याच्या फिरत्या भागावर. तिथे कार्बनचा भुगा असतो, तेल आणि भुगा मिळून काळा चिखल होतो, ब्रश त्यांच्या घरात अडकतात आणि उद्या-परवा मोटर फिरायचीच बंद होते. तुमच्या गिऱ्हाइकाचं हेच झालं असणार. लेखात मी आता स्पष्ट घातलंय : मोटरीचं पत्र्याचं अंग घरी उघडायचं नाही, तेल फक्त बाहेरच्या बाजूला, दोन थेंब, आणि तेही आवाज खरोखर बुशाचा आहे अशी खात्री झाल्यावर. गंज सोडवायचा स्प्रे तिथे अजिबात मारायचा नाही, हेही जोडलंय. डब्ल्यूडी-४० मधलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. ते काम तो उत्तम करतो, पण बुशात मुरलेलं तेलही धुऊन काढतो. चार दिवस शांतता आणि मग पहिल्याहून मोठी घरघर.

त्या गिऱ्हाइकाचं नुकसान माझ्या अर्धवट वाक्यानं झालं. त्यांना माझा निरोप द्या, मला मनापासून वाईट वाटलं.

पण ‘आवाज आला की असेंब्ली बदला’ हे मला पटत नाही, आणि ते पैसे वाचवण्यासाठी म्हणत नाहीये. आवाज मोटरीचाच आहे हे आधी कुणी पाहिलं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझंच सांगतो. मी गुहागरला राहतो, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीत पंखा चालू झाला की घुमल्यासारखा आवाज यायचा, अगदी सीटखालून. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, आवाज ऐकला आणि ‘मोटर गेली’ म्हणाले. नवीन असेंब्ली बसली, पैसे दिले. परत येताना मोडका आगरला पोचेपर्यंत तोच आवाज सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना मी टॉर्च घेऊन अंगणात गाडीखाली आडवा झालो. रेडिएटरला खालच्या बाजूला दोन प्लास्टिकचे खुंट असतात, ते क्रॉसमेंबरच्या, म्हणजे खालच्या आडव्या लोखंडी पट्टीच्या, भोकांत रबरी बुशांवर बसतात. डावीकडचं रबर जाग्यावर होतं. उजवीकडचं नव्हतंच. त्या जागी काळी पूड, आणि खुंट सरळ लोखंडावर टेकलेला, टेकून टेकून एका बाजूनं चपटा आणि चकचकीत झालेला. पंख्याचं सगळं कंपन त्या खुंटातून थेट चेसिसमध्ये जात होतं. अंगठ्याच्या पेराएवढं रबर बसवलं आणि गाडी शांत झाली. जुनी मोटर मी अजून ठेवली आहे, बॅटरीला जोडली की सुरेख फिरते.

म्हणून मी ‘आधी घरी बघा’ असं लिहितो. बघणं आणि उघडणं यात मी लेखात पुरेसा फरक केला नाही हे मान्य, पण बघणं सोडू नये.

आमच्याकडे सुरूची झाडं किती आहेत तुम्हाला माहीत आहे. समुद्रावर येणारा प्रत्येक जण सावली बघून त्यांच्याखालीच गाडी लावतो. गेल्या मे महिन्यात आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीची गाडी पुण्याहून आली होती, दोन दिवस सुरूखाली उभी. निघायच्या दिवशी एसी लावला आणि पुढून खडखड, कुणी डब्यात खडे घालून हलवावेत तशी. तिनं ताबडतोब बंद केली, ते बरं केलं. गाडी गार झाल्यावर आम्ही दोघांनी बॅटरीचा मायनस काढला आणि मी पातं हातानं हळू फिरवलं. एका ठराविक जागी ते अडायचं. श्राउडच्या, म्हणजे पंख्याभोवतीच्या काळ्या प्लास्टिकच्या कड्याच्या तळाशी सुरूच्या काड्यांचा गचका साचला होता आणि त्यात एक बोंड कड्याच्या आणि पात्याच्या मध्ये बसलं होतं. पात्याच्या टोकाला पांढरे ओरखडे, पण तडा नव्हता. चिमट्यानं बोंड काढलं, काड्या काढल्या. ती मुलगी त्याच संध्याकाळी कुंभार्लीनंच वर गेली. तिला नवीन असेंब्ली घ्यायला लावली असती तर काड्या काढल्या गेल्याच असत्या, आणि तिला वाटलं असतं की मोटरच खराब होती.

आवाज ओळखायला फार काही लागत नाही. खडखड म्हणजे बहुधा काहीतरी पात्याला लागतंय, किंवा श्राउडचा बोल्ट ढिला झालाय. पातं घासलं असेल तर कड्यावर चकचकीत अर्धवर्तुळ उमटलेलं दिसतं. फिरताना सगळी गाडी थरथरत असेल तर पात्याचा तुकडा उडालेला असतो, मग ते बदलायचंच, कारण असमतोल पातं बुशही खातं. बुशाची घरघर पंखा थांबताना, वेग उतरत असताना सगळ्यांत जास्त ऐकू येते. पात्याचं टोक धरून वर-खाली हलवा : दांडा आडवा डुलत असेल तर बुश झिजलं. दांड्याच्या दिशेनं पुढे-मागे थोडंसं सरकणं चालतं. आणि पातं हातानं फिरवताना मध्येमध्ये हलका अडथळा जाणवतो, टप्प्याटप्प्यानं फिरल्यासारखं, तो आतल्या चुंबकांचा असतो. लोक तिथेच घाबरतात, त्यात काही बिघाड नाही. आणि पंखा बंद असतानाही आवाज येत असेल तर पंख्याला हात लावायचं कारणच नाही. वॉटर पंप, अल्टरनेटर, पट्ट्याची पुली, तिकडे बघायचं, आणि ते काम तुमचंच.

तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला हे सगळं ठाऊक असणार, तरी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती मला फार उशिरा कळली. दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगासाठी रेझिस्टर असतो. तो जळला की कमी वेग जातो आणि पंखा थेट पूर्ण वेगानं सुरू होतो. मालकाला वाटतं पंखा अचानक बोंबलायला लागला. मोटर ठणठणीत असते, बिघाड बाजूच्या छोट्या भागात असतो.

आता बोटांचं. तुम्ही लिहिलंत की कुणाचं तरी बोट जाईल. ही भीती रास्त आहे आणि मूळ लेखात हा इशारा चौथ्या परिच्छेदात होता, तो मी आता पहिल्या ओळीत आणलाय. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा आपोआप चालू होतो, कारण सेन्सरला पाणी गरम आहे एवढंच कळतं. म्हणून इंजिन पूर्ण गार, किल्ली खिशात, बॅटरीचा मायनस काढलेला, त्यानंतरच हात आत. आणि गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडायची नाही. कॅप साधारण एक बार दाब धरून ठेवते, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही. कॅप सैल झाली की दाब जातो आणि त्या क्षणी ते उकळून तोंडावर येतं. आमच्या ओळखीत एकाचा चेहरा असा भाजला आहे. या दोन गोष्टींत मी कुणालाही सूट देणार नाही.

घाटाचा मुद्दा राहिला. पंखा खरंच कमकुवत झाला असेल तर तो घाटात कळतो, यात दुमत नाही. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, पुढे लोडेड ट्रक, एसी चालू; समोरून वारा मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर. तिथे तो थांबला तर तापमानाचा काटा चढतो, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील, जातं. म्हणूनच आवाज गेला एवढ्यावर थांबू नका हे वाक्य लेखात घालतोय. अडकत फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. तुमच्याकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेलच. घरी साफसफाई केलेल्या माणसानं एकदा तुमच्यासारख्याकडे जाऊन पंख्याचा करंट मोजून घ्यावा आणि कनेक्टर तापून पिवळा पडलाय का ते बघून घ्यावं. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालणाऱ्यांनी तर ताबडतोब थांबावं. त्या वायरिंगला आग लागते.

आणखी एक, रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून, आणलेल्या मोटरींसाठी. वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो, फिरताना दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि गाडी उभी असताना तापते. पंखा चालू असताना समोरच्या जाळीशी वहीचा कागद धरायचा. तो जाळीला चिकटला पाहिजे. ढकलला गेला तर वायरी उलट आहेत.

दादा, मला खरी काळजी आहे ती किनाऱ्याची. पावसाळ्यात आपल्या घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओले राहतात. म्हणजे आमच्या गाडीच्या मोटरीवर बसलेला मिठाचा थर उन्हाळ्यातही धड वाळत नाही. धोपाव्याला फेरीत गाडी चढवून दाभोळला उतरलं की बॉनेटवर बोट फिरवून बघा, चिकट लागतं. तेच आत कंडेन्सरच्या, म्हणजे रेडिएटरच्या पुढे असणाऱ्या एसीच्या जाळीच्या, पत्र्यांवर असतं. अॅल्युमिनियमच्या त्या बारीक पत्र्या पांढरी भुकटी होऊन झडतात, हवा नीट जात नाही, मग एसीसाठी पंखा जास्त वेळ चालतो आणि बुश लवकर झिजतं. अशा गाडीला नवीन असेंब्ली बसवली तरी तीही त्याच वाटेनं जाते. फेरीहून किंवा किनाऱ्यावरून आल्यावर गार इंजिनावर साध्या नळाच्या पाण्यानं, कमी दाबानं, समोरून कंडेन्सर धुवावा. प्रेशर वॉशर नको, पत्र्या वाकतात आणि मोटरीत पाणी घुसतं. बऱ्याच मोटरींना तळाशी पाणी जायला बारीक भोक असतं, ते लाल मातीनं बुजतं. आत साचलेलं पाणी मग तिथेच मोटर खातं. काडीनं ते मोकळं ठेवायचं.

यातलं बरंचसं तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणभर पसरलं, त्यानंतर तुमच्या दारात चिखल भरलेल्या किती गाड्या आल्या असतील, कल्पना करवत नाही. पाण्यात बुडालेली मोटर घरी बघू नका, ती तुमच्याकडेच न्यावी, हेही लेखात आलंय आणि तुमच्यामुळे आलंय.

एक विनंती आहे. त्या गिऱ्हाइकाची मोटर अजून तुमच्याकडे असेल तर भंगारात देऊ नका. पात्याच्या बाजूचा दांडा आधीच डुलत होता, की बुश धड होतं आणि आवाज दुसऱ्याच कशाचा होता, हे मला बघायचंय. सोमवारी मी चिपळूणला येतोय. गॅरेज कुठे आहे ते कळवलंत तर दुपारी येऊन जातो, येताना माझी ती जुनी मोटरही आणतो.