जमेच्या पानावर श्री

बँकेत ३४ वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले. निवृत्तीनंतर स्वतःचं काहीतरी मोजावं म्हणून लांज्याजवळच्या आमच्या जुन्या घरामागे पाऊण गुंठ्यात भाजी लावली आणि पहिल्याच दिवशी वही घातली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. उजवं पान पंधरा दिवसांत भरलं. डाव्या पानावर वर्षभर नुसतं ‘श्री’ होतं.

माकड आणि वानर यांतला फरक मला तोवर शाळेच्या पुस्तकापुरता ठाऊक होता. आता चांगलाच कळला आहे. लाल तोंडाच्या माकडाला गालात पिशव्या असतात. ते येतं, गाल भरतं आणि पळतं, म्हणजे पार्सलवालं. काळ्या तोंडाच्या वानराला ती सोय नाही, तो पंगतीला बसतो. मूळचा पाला खाणारा प्राणी, त्याचं पोटही कप्प्याकप्प्यांचं. त्यामुळे पडवळ संपलं की तो पडवळाचा पाला घेतो, मग वेलाचे शेंडे, आणि उठताना आधाराला मांडव धरतो. मांडव तेवढा खात नाही, मोडतो.

यांना काकडी कधी तयार होते ते नेमकं कळतं. मी रोज सकाळी वाकून बघायचो आणि ‘उद्या काढू’ म्हणायचो. ते आजच यायचे.

ऋषिपंचमीला तर हद्द झाली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, तेव्हा ऋषीची भाजी सगळी आपल्या परसातली करायची, असं सौभाग्यवतींनी बेत ठरवून शेजारपाजारी जाहीरही केलं होतं. भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सगळं उभं होतं. चतुर्थीला आम्ही आत आरती म्हणत होतो, तेव्हा मागे अकरा जणांनी ऋषिपंचमी उरकून घेतली. बैलाचे कष्ट नव्हतेच, त्यांचे स्वतःचेही नव्हते. आमच्यासाठी अळू ठेवलं. अळू खाजतं हे त्यांना माहीत असतं.

मग उपाय सुरू झाले. जुन्या सीड्या टांगल्या. त्यांत वानर तोंड बघू लागले. बुजगावण्याला माझा ऑफिसचा शर्ट घातला. एका पिल्लाने त्याचा खिसा तपासला आणि पेन्शनर दिसतोय असं बघून खांद्यावर बस्तान मांडलं. मुलाने मुंबईहून स्पीकर पाठवला, त्यावर वाघाची डरकाळी लावली. वानर दोन फांद्या वर सरकले. शेजारच्या आप्पांची गाय मात्र दोन दिवस दूध देईना.

“भाऊ, तुझा वाघ आवर,” आप्पा म्हणाले, “नाहीतर दूध तुझ्याकडनं नेईन.”

वानर दिवसाचे. रात्रपाळीला रानडुक्कर. त्याने एका रात्रीत रताळ्यांचा वाफा असा नांगरला, की ट्रॅक्टरवाल्याने लाजावं. त्यावर गावात एक खात्रीचा उपाय सांगतात: कडेने माणसाचे केस पसरायचे, हुंगताना डुकराच्या नाकात जातात आणि ते मागे फिरतं. म्हणून मी पोतं घेऊन तालुक्याच्या सलूनमध्ये गेलो. इथे एक खुलासा केला पाहिजे. माझ्या डोक्यावर १९९५ नंतर उल्लेखनीय असं काही उरलेलं नाही.

“केस मिळतील का?” मी विचारलं.

सलूनवाल्याने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे. “काका,” तो अगदी हळुवारपणे म्हणाला, “ते असे नाय लागत.”

खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी इतकं हसलं, की वस्तरा थांबवावा लागला. पोतंभर केस मिळाले, फुकट. ते कडेने पसरले, रात्री वाऱ्याने उडाले आणि सकाळी सौभाग्यवतींना वाळत घातलेल्या पापडांवर सापडले. त्यावर झालेला संवाद वहीत नाही.

हिवाळ्यात मिरची लावली. म्हटलं, हिला कोण तोंड लावणार? मोर! पक्ष्यांना तिखट लागतच नाही, ही माहिती मला पीक गेल्यावर मिळाली. माझ्या जन्मानंतर वर्षभराने, १९६३ साली, तो राष्ट्रीय पक्षी झाला. त्यामुळे वयाने मी मोठा, पण मानाने तो. तो मिरच्या खात होता आणि मी खिडकीत जवळपास सावधान उभा.

कुणी म्हणालं, नुकसानभरपाई मिळते, अर्ज करा. मुदत तीन दिवसांची आणि सोबत सातबारा. आमच्या सातबाऱ्यावर माझ्यासह २१ नावं आहेत. त्यांतले नऊ जण वारले, दोघे बोरिवलीला असतात, आणि एका काकूंशी १९९८ पासून बोलणं नाही, तेही एका फणसावरून. दीड किलो भेंडीसाठी ते पुन्हा सुरू करण्याची माझी छाती झाली नाही. अर्ज राहिला.

शेवटी आप्पाच म्हणाले, “हळद लाव. तिला कोण हुंगत नाय.”

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये सगळ्या वाफ्यांत हळद लावली. गांडूळखत विकत आणून सढळ हाताने घातलं. वानर आले, एक पान चघळलं, थुंकलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला अपराधी वाटलं. मोर आला, परत गेला. जानेवारीत पानं पिवळी पडून सुकली तरी एका झाडाला धक्का नव्हता. काढणीला गडी सांगितला, त्याची मजुरी ५०० ठरली. वहीत ती आदल्या रात्रीच लिहून ठेवली.

सकाळी गडी माझ्या आधी पोचला होता आणि बांधावर विडी ओढत बसला होता. पाचही वाफे रात्रीतून खणून ठेवलेले. डुकराला हळद नको होती. गांडुळं हवी होती, ती त्याने वेचून खाल्ली होती. हळकुंडांचे गड्डे उपटून, माती झटकून, कडेला पडले होते. एकालाही दात लागला नव्हता.

हळद भरली १२ किलो. डाव्या पानावर ‘श्री’खाली ती लिहिली. मग उजव्या पानावरचे मजुरीचे ५०० खोडायला पेन उचललं, तर गडी म्हणाला, “काका, मी आलो तर होतो.”

त्याला दोनशे दिले. उरलेले ३०० कुणाच्या नावे देणं दाखवावे, ते अजून ठरत नाही.