रोहित (फ्लेमिंगो) बघायचेत? मग महिना नाही, उजनीचा टक्का बघा

उजनी भरली की आपल्या सोलापूरकरांचा जीव भांड्यात पडतो, आणि ते बरोबरच आहे. पण धरण तुडुंब असताना डिसेंबरात पोरांना रोहित दाखवायला निघालात, तर नुसतं पाणी बघून परत याल.

रोहित उथळ पाण्यात उभा राहून, मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलातल्या अळ्या, बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातो. त्याला गुडघाभर पाणी आणि मऊ, ओला गाळ लागतो. परतीचा पाऊस लांबला, की नदीत आवक चालू राहते, रानात ओल असल्याने कालव्याच्या पाण्याची मागणीही उशिरा येते आणि गाळाची पट्टी पाण्याखालीच राहते. ती उघडेपर्यंत उन्हाळा तोंडावर येतो. पट्टकदंब हंसांचं तसं नाही, ते काठच्या गवतात आणि हरभऱ्याच्या रानातही चरतात.

दुसरं टोक २०२३-२४ चं. पाऊस कमी झाला, जानेवारीतच धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपून तळाच्या मृतसाठ्याला हात लागला, आणि जूनच्या सुरुवातीला मायनस ६० टक्क्यांच्या आसपास पोचलं. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) धरला, तर मृतसाठ्यातलं सुमारे ३२ टीएमसी पाणी गेलं. गाळ मैलोन्‌मैल उघडा, पण वाळून भेगाळलेला. त्यात पक्ष्याला खायला काही नाही. आणि त्याच ऑगस्टमध्ये धरण शंभरीवर! एका वर्षावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, मान्य. पण हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस कमी दिवसांत आणि जोरात पडतो, मधे उघडीप लांबते. असे झोके वाढणार, हे धरूनच चाला.

म्हणून टक्का नुसता वाचू नका, रोज किती उतरतोय ते बघा. सलग उतरत असेल तर केत्तूर, कुंभारगाव किंवा डिकसळच्या होडीवाल्याला फोन करून एकच विचारा: गाळ उघडा पडलाय का, आणि ओला आहे का? होडी पहाटेचीच घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं वारं कधी सुटेल, नेम नाही. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी मार्गावर अशाच वादळात बोट उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळल्याशिवाय होडी काठ सोडता कामा नये, लहान मुलाला त्याच्या मापाचंच हवं.

आणि जलपर्यटनाचे आराखडे करणाऱ्यांना कळकळीने सांगणं: काठावर सिमेंटचे पक्के धक्के बांधू नका. पाणी उतरलं की ते कोरडे पडतात, होडी पार लांब राहते आणि लोक चिखलात रुततात. तरंगता धक्का आणि पाण्यामागे सरकवता येणारा उतार करा. पैसे कमी असतील तर रिसॉर्ट राहू द्या, आधी हे करा.