दाराखालची फट आणि दोन हजार वॅटचा हीटर

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी आईसाठी हीटर विकत आणला. आई ब्याऐंशी वर्षांची, आणि आमचे घर साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला, एकमजली, स्लॅबचे, खाली गुळगुळीत फरशी आणि खिडक्यांना सरकत्या काचा असे आहे. तिची खोली परसदाराला लागून असल्यामुळे पहाटे तिथे विशेष गारठा असतो. हीटर दोन हजार वॅटचा होता आणि त्याची जाड पिन पलंगाजवळच्या साध्या बोर्डात बसेना, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक कन्व्हर्टर प्लग आणून काम भागवले. तो बोर्ड ६ अँपिअरचा आणि हीटर ओढणार जवळजवळ ९, हा हिशेब मला शाळेत शिकवलेला होता, पण वेळेवर आठवला नाही. विसाव्या रात्री खोलीत जळका वास सुटला, तेव्हा बोर्डाची एक बाजू काळवंडून प्लॅस्टिक वितळलेले होते.

पुढे बिल आले. असा हीटर तासाला २ युनिट वीज घेतो, म्हणजे सात तासांच्या रात्रीला १४ आणि वीस रात्रींना २८० युनिट, आणि घरचा रोजचा वापर त्याशिवाय. शंभर युनिटांच्या पुढे दर वाढतो आणि तीनशेच्या पुढे आणखी वाढतो, त्यामुळे आमचे बिल नुसते वाढले नाही तर वरच्या पायरीवर जाऊन बसले. एवढे करून आईचे पाय गार ते गारच राहत आणि सकाळी तिचे नाक व ओठ कोरडे पडलेले असत, कारण तापलेली हवा अंगातला ओलावा ओढून घेते.

आईचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच होते. तिचे माहेर माणदेशातले, त्यामुळे ती तिच्या बोलीत म्हणाली, "आरं, खालनं वारं शिरतंय आन् तू वर काय तापवतोयस?" मी तिकडे लक्ष दिले नव्हते. बोर्ड जळाल्यानंतर मात्र एका रात्री पंखा बंद करून मी परसदाराच्या उंबऱ्याशी पेटती उदबत्ती धरली. धूर सरळ वर न जाता दारापासून आत, जमिनीलगत वाहत गेला. दाराखाली माझे बोट सहज आत जाईल एवढी फट होती. तापलेली हवा वर छताला जाऊन बसत होती आणि खालून रात्रभर गार वारा येत होता. म्हणजे मी पैसे मोजून स्लॅब तापवत होतो. आईने त्याच रात्री एक जुने लुगडे घट्ट गुंडाळून त्या उंबऱ्याला लावले, आणि त्या एका वळकटीने जेवढा फरक पडला तेवढा हीटरने पडला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

आपल्याकडच्या थंडीचा स्वभाव आपण लक्षातच घेत नाही, असे मला अलीकडे फार वाटते. साताऱ्यात किंवा सांगलीत जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला तरी त्याच दिवशी दुपारी तो तिशीच्या जवळ जातो. म्हणजे दिवसाचे निदान पाच-सहा तास बाहेरची हवा घरातल्यापेक्षा उबदार असते. तरीही आपण थंडी म्हणून दिवसभर खिडक्या लावून बसतो आणि संध्याकाळी मोकळी हवा हवी म्हणून त्या उघडतो, हे अगदी उलटे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारीसुद्धा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम एकोणपन्नास अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत, फरशीवर येते. अकराच्या सुमारास पडदे सारून खिडक्या उघडायच्या आणि ऊन कलले की काचा व जाड पडदे लावून टाकायचे, हा आमचा आता नेम झाला आहे. माणदेशातल्या जुन्या घरांच्या हातभर जाड मातीच्या भिंती आणि वरचे माळवद दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवत. आमचा उघडा स्लॅब निरभ्र रात्री ती लवकर आकाशाला देऊन टाकतो. ढगाळ रात्री थंडी कमी वाटते ती याच कारणाने.

मग प्रश्न उरतो अंथरुणाचा, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच आहे. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते, झोपेत त्याहून थोडी कमी. ती अडवून धरली तर वेगळा हीटर लागत नाही. अडवण्याचे काम कापड करत नाही, कापडात अडकलेली हवा करते. आईची कापसाची गादी वर्षानुवर्षे दबून चपटी झाली होती, ती पिंजून घेतली आणि दर आठवड्याला उन्हात टाकू लागलो. तिच्याखाली घोंगडे अंथरले, कारण थंडी पाठीखालूनही तेवढीच चढते, आणि आपण मात्र वर पांघरुणांचा ढीग करतो. हे घोंगडे सणगरांच्या मागावरचे, काळे, नवे असताना चिंचोक्याच्या खळीने पुठ्ठ्यासारखे ताठ असलेले. अंगाला टोचते म्हणून माझ्या मुलीने ते नाकारले होते. आता गादीखाली गेल्यामुळे तिची तक्रार नाही. वर दोन पातळ वाकळा. एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन वाकळा बऱ्या, कारण त्यांच्यामध्ये हवेचा आणखी एक थर राहतो. पायांत लोकरीचे मोजे, कानांना कानटोपी, आणि रात्री गरम हुलग्याचे माडगे. यावर अधिक लिहायला नको, ते प्रत्येक घरी ठाऊक आहे.

हीटर वाईट आहे असे मी म्हणत नाही. तान्ह्या बाळाची अंघोळ किंवा आजारी माणसाची खोली असेल, तर तो जरूर लावावा, पण १६ अँपिअरच्या पॉइंटवर, पांघरुणापासून लांब आणि झोपण्यापूर्वी बंद करून. रबरी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळूनच द्यावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांच्या पायांशी ती ठेवूच नये, भाजलेले त्यांना कळत नाही. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि झोपलेला माणूस उठत नाही. फटी बुजवण्याच्या उत्साहात गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराचा झरोकाही कोणी बुजवू नये, याचे कारण तेच.

हीटर सध्या माळ्यावर आहे. दाराखाली रबरी पट्टी बसवण्यासाठी सुताराला सांगून पंधरा दिवस झाले, तो माप घेऊन गेला आहे आणि रोज उद्या येतो. तोपर्यंत लुगड्याची वळकटी आहेच, आणि दिवेलागणीला ती उंबऱ्याशी नीट बसली की नाही, हे आई स्वतः काठीने चाचपून पाहते.