‘स्टोमाची जागा ऑपरेशन टेबलावरच ठरते’ हे अर्धंच खरं आहे

मोबाईलवरून फिरणारा एक मजकूर थोडक्यात असा: स्टोमा, म्हणजे मळ बाहेरच्या पिशवीत पडावा म्हणून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, कुठे काढायचा ते सर्जन पोट उघडल्यावरच ठरवतात, त्यामुळे आधी पेनाने केलेली खूण ही निव्वळ औपचारिकता. पिशवी काय, कुठेही चिकटते. स्टोमा जितका खाली तितका झाकलेला. आणि तो तात्पुरता असेल तर जागेची चर्चाच नको.

पहिलं विधान पटतं, कारण त्यात तथ्य आहे. आतडं ताण न येता ठरलेल्या जागेपर्यंत पोचतंय का, हे पोट उघडल्याशिवाय कळत नाही. बाजूही बहुतेकदा आतड्याच्या भागावरून ठरते: लहान आतड्याचा स्टोमा सहसा उजवीकडे, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा डावीकडे. पण टेबलावर माणूस उताणा असतो, भुलीने स्नायू सैल पडलेले असतात, पोट पाटासारखं सपाट दिसतं. तोच माणूस उठून बसला की बेंबीखाली खोल घडी पडते, आणि ती टेबलावर कुणालाच दिसलेली नसते.

म्हणून खूण करताना आधी झोपवून मान उचलायला सांगतात. बेंबीच्या बाजूचा उभा स्नायू ताठ होतो, त्याची कड बोटांना लागते. खूण त्या कडेच्या आत. मग बसवायचं, पुढे वाकवायचं, उभं करायचं आणि दर वेळी घडी कुठे पडते ते बघायचं. शेवटी रुग्णालाच विचारायचं, ‘ही जागा तुम्हाला दिसते का? हात पोचतो का?’ पिशवी रोज त्यालाच सांभाळायची असते. खुणा दोन-तीन करून पसंतीक्रमही लिहून ठेवतात; पहिल्या जागी आतडं पोचलं नाही तर सर्जनच्या हाताशी दुसरी असते.

‘कुठेही चिकटते’ हे तर साफ चूक. पिशवीच्या चिकट चकतीचा व्यास साधारण १० सेंटिमीटर असतो, तेव्हा स्टोमाभोवती सपाट कातडी हवी. जुना व्रण, बेंबी, कमरेचं हाड, घडी यांपासून शक्यतो ५ सेंटिमीटर दूर राहावं. चकतीखाली घडी आली की तिथे पन्हाळ तयार होते. लहान आतड्यातला पातळ मळ त्या पन्हाळीतून आत शिरतो, त्यातल्या पाचकरसांनी कातडी सोलवटते, ओल्या कातडीवर नवी चकती धरत नाही आणि गळती आणखी वाढते. दोष मात्र बहुतेकदा पिशवीलाच दिला जातो!

‘जितका खाली तितका बरा’ हा सल्ला सुटलेल्या पोटाच्या माणसाला सर्वांत महागात पडतो. पोटाच्या उताराखालचा स्टोमा त्याला आरशाशिवाय दिसत नाही. शिवाय तिथे चरबीचा थर जाड असतो, आतडं ताणलं जातं आणि स्टोमा आत ओढला जाऊ शकतो. अशा पोटावर जागा बेंबीच्या वर घेतात. नेमकी पट्ट्याच्या रेषेवरची जागाही टाळावी: पट्टा चेपतो आणि मळ पिशवीत खाली न उतरता स्टोमापाशीच साचतो. व्हीलचेअर वापरणाऱ्याची खूण त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसवूनच करावी.

तात्पुरत्या स्टोमाबद्दल एवढंच: गळती पहिल्या आठवड्यातही सुरू होते, आणि केमोथेरपी किंवा इतर कारणाने स्टोमा बंद करणं लांबू शकतं, काहींचा बंद होतच नाही.

तातडीच्या ऑपरेशनात पोट फुगलेलं असतं, खूण चुकू शकते. तरी चार-पाच मिनिटं मिळाली तर ती करावी, जमेल तितकं बसवून.

खूण टिकवणंही कामाचाच भाग आहे. साध्या बॉलपेनची रेघ आंघोळीत जाते. त्यासाठी शस्त्रक्रियेचा मार्कर वापरून वर पारदर्शक फिल्म लावतात. जंतुनाशकाने पोट पुसताना मार्करही फिका पडतो, म्हणून काही ठिकाणी भूल दिल्यावर, पोट पुसण्याआधी, खुणेवर सुईने हलका ओरखडा काढून ठेवतात.